निघतानाचं वाक्य

टीव्हीवर मी एकदाच दिसलो, तेही निम्मा वेळ पाठमोरा. भूमिका शेजाऱ्याची होती. त्या शेजाऱ्याला नाव नव्हतं. कागदावर नुसतं 'शेजारी' लिहिलेलं आणि त्याच्यापुढं 'वय पन्नास, साधा'. मी तेव्हा पन्नाशीचा नव्हतो आणि स्वतःला साधा तर अजिबात समजत नव्हतो. पण अमरावतीत बसून नटानं अशा गोष्टींवर रुसायचं नसतं.

तसा मी पोट नाटकावरच भरत होतो, पण नाटक म्हणजे काय काय असतं हे लोकांना माहीत नसतं. शाळांची गॅदरिंगं बसवायची, लग्नाच्या रिसेप्शनला माइक धरून पाहुण्यांचं स्वागत करायचं, आणि वर्षातून एकदा स्पर्धेच्या नाटकात म्हाताऱ्याचं काम करत जीव ओतून खोकल्याबद्दल उत्तेजनार्थ बक्षीस घ्यायचं. बाकीचे दिवस पथनाट्यं. त्या वर्षांत आमच्याकडं पथनाट्यांना तोटा नव्हता. खचून जाऊ नका, व्यसन सोडा, शेततळं खोदा, बोंडअळी ओळखा. वऱ्हाडातल्या माणसाला वरून जे जे सांगायचं असे ते आम्ही पारावर डफ वाजवून सांगायचो. लोक शांतपणे ऐकायचे आणि शेवटी चहा पाजायचे. तेच तेच दरवेळी नव्यानं ऐकल्यासारखं तोंड करायचे, म्हणजे खरे नट तेच.

त्याच काळात मुंबईच्या गाड्या आमच्या बाजूला यायला लागल्या. आधी वर्तमानपत्रवाले आले, मग पाहणीवाले, मग पुढारी, आणि सगळ्यांच्या मागून एक मालिकावाले. शहरातली पोरगी लग्न होऊन वऱ्हाडातल्या खेड्यात येते, अशी गोष्ट होती. दिग्दर्शक साताऱ्याकडचा, हळू बोलणारा, सज्जन माणूस. त्याला भेगा पडलेली जमीन हवी होती. नेमका त्या वर्षी उशिरा का होईना पाऊस बरा झाला होता आणि दर्यापूरच्या काळ्या रानात कपाशी कमरेला लागत होती. बिचारा गाडी घेऊन कोरडं शेत शोधत फिरला. शेवटी एका वीटभट्टीमागचा खड्डा मिळाला, त्याच्यावर त्यानं भागवलं.

माझा प्रसंग असा होता. घरातला म्हातारा वारलेला आहे. शेजारी भेटायला येतो, ओसरीवर बसतो, दोन शब्द धीराचे बोलतो आणि उठताना सुनेला म्हणतो, "येतो, वहिनी. काही लागलं तर सांगा." तो बाहेर पडतो आणि कॅमेरा सुनेच्या तोंडावर जातो. दिग्दर्शकानं फोनवर मला समजावलं होतं की हा शेजारी जमला तर ठेवायचा विचार आहे. पुढं तो त्या घरी येत राहील, गावातल्या बातम्या आणत राहील. म्हणजे काम एका दिवसाचं नव्हतं, कदाचित वर्षभराचं होतं. मी ते बायकोला सांगितलं आणि बायकोनं गल्लीला.

आठवडाभर मी ती वाक्यं घोकत होतो. एकदा स्वयंपाकघरात उभा राहून म्हणत होतो, तर बायको पोळी लाटता लाटता थांबली.

"मयतीच्या घरून कोनी 'येतो' म्हनते का?" ती म्हणाली.

मला आठवडाभरात ते खटकलं नव्हतं, तिला एका ऐकण्यात खटकलं. ज्या घरी माणूस गेलेलं असतं तिथून उठताना कोणी 'येतो' म्हणत नाही. म्हटलं तर त्याचा अर्थ, अशाच कारणासाठी पुन्हा या घरी यायची वेळ येवो, असा होतो. तिथं बसायचं, बोलायचं तेवढं बोलायचं आणि मुकाट्यानं उठून चालू लागायचं. लहानपणापासून हे इतकं अंगात मुरलेलं असतं की कोणी शिकवलं ते आठवत नाही. आणि त्या वर्षांत तर आमचा सगळ्यांचा सराव फार झाला होता.

मी म्हटलं, "मालिका हाय. नटाले काय, वाक्य ते वाक्य."

"मंग वाक्य बाहेर जाऊन म्हना," ती म्हणाली. "माह्या घरात नोको."

मी फाटकापाशी जाऊन तालीम केली. समोरच्या दुकानातला शिंपी मशीन थांबवून माझ्याकडं बघत होता.

शूटिंगच्या दिवशी जीपनं दर्यापूरला उतरलो आणि तिथून मालिकेच्या गाडीनं त्या गावी गेलो. घर चांगलं होतं, टिनाचं, निळसर चुन्याच्या भिंतींचं, पुढं मोठी ओसरी. घराची मालकीण तिशी-पस्तिशीची बाई, डोक्यावर पदर, चेहरा ओढलेला. मला वाटलं, एवढी माणसं घरात घुसली म्हणून वैतागली असेल. गावातल्या एकानं सांगितलं की घर शूटिंगला द्यायची हौस तिच्या नवऱ्याची. गणपतीतल्या नाटकांत तो वर्षानुवर्षं बायकांची कामं करत आलेला, नाटकाचं नाव काढलं की जेवण विसरणारा माणूस. पण तो घरात दिसत नव्हता.

प्रसंगासाठी भिंतीवर मेलेल्या म्हाताऱ्याचा हार घातलेला फोटो लावायचा होता. मालिकेतल्या एकानं दर्शनी भिंतीवरचा घरातलाच एक फोटो काढून ठेवला आणि त्या खिळ्यावर हा टांगायला गेला. बाई दारातून पुढं आल्या.

"त्या खिळ्यावर नोको जी," त्या म्हणाल्या. "दुसरा ठोकून देतो मी."

आणि खरंच त्यांनी स्वतः वरवंट्यानं दुसरा खिळा ठोकून दिला, पहिल्यापासून चांगला लांब. काढलेला फोटो पदरानं पुसून पुन्हा होता तिथं लावला. त्यात त्यांचे यजमान होते, हातात ढाल, नाटकातल्या बक्षिसाची. कॅमेऱ्यात येतो म्हणून दिग्दर्शकानं त्याच्यापुढं धान्याची कोठी सरकवून घेतली.

तालीम सुरू झाली. मी ओसरीवर आलो, बसलो, धीराचे दोन शब्द बोललो. सुनेचं काम करणारी मुंबईची मुलगी खाली मान घालून छान बसली होती. मी गुडघ्यावर हात टेकून उठलो, खांद्यावरचा दुपट्टा सारखा केला आणि पायरी उतरून चालू लागलो.

"वाक्य राहिलं," दिग्दर्शक म्हणाला.

खरंच राहिलं होतं. मी चूक कबूल करून पुन्हा बसलो. पुन्हा बोललो, उठलो, दुपट्टा सारखा केला, आणि पुन्हा मुकाट्यानं पायरी उतरलो. तिसऱ्यांदाही तेच. तुम्हाला खोटं वाटेल, पण मी ते मुद्दाम करत नव्हतो. हार घातलेला फोटो, खाली मान घातलेली बाई, ओसरी. एवढं समोर असलं की माझे पाय आपल्या हिशेबानं निघत होते आणि जीभ आपल्या हिशेबानं गप्प बसत होती. एवढी वर्षं नाटकं केली आणि इथं चार शब्द तोंडातून निघेनात, याची लाज वाटली.

दिग्दर्शकानं चहाची सुट्टी दिली. बाईंनी माझा कप स्वतः आणून दिला आणि तिथंच उभ्या राहिल्या.

"भाऊ, एक गोठ बोलू का?" त्या म्हणाल्या. "ते निघतानाचं वाक्य, तेवढं माह्या ओसरीवर म्हनू नका."

मी काही बोलायच्या आत त्यांनी सगळं सांगितलं. यजमानांच्या पोटात काल रात्री कळ उठली, आतडं पिळलं होतं. अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. ऑपरेशन आज दुपारी होतं, म्हणजे जवळपास आताच. दीर तिथं होता. तो चौकातल्या किराणा दुकानात फोन करणार होता.

"तुमी इथं कशाला थांबल्या मग?" मी विचारलं. वऱ्हाडी माणसाशी बोलताना माझी भाषा आपोआप घरी जाते.

"त्याइनंच थांबवलं. गाडीत घालताना म्हने, शूटिंग बंद पडू देऊ नोको, माही शप्पथ हाय." त्यांनी माझ्या हातातला कप घेतला. "फोटो लावा, हार लावा, रडा, सारं करा. मी काही म्हनलं नाही. पन 'येतो' नोको. आजच्या दिवशी तं नोकोच."

मी हो म्हणून बसलो. हो म्हटल्यावर भीती वाटली. खरं सांगतो, आधी त्यांच्या नवऱ्याची नाही, माझ्या कामाची भीती वाटली. मग त्या भीतीची लाज वाटली. मग दोन्ही घेऊन मी दिग्दर्शकाकडं गेलो.

त्यानं नीट ऐकून घेतलं. "आमच्याकडेही नाही म्हणत हो," तो म्हणाला. "मी काय परदेशातून आलोय? पण शेजारी परत येणार आहे हे बघणाऱ्याला कळायला पाहिजे. वरच्यांनी ते वाक्य वाचून मंजूर केलंय. ते गाळलं तर शेजारीच गाळतील." तो धमकी देत नव्हता. त्याचंही पोट त्याच वरच्यांवर होतं.

तेवढ्यात आवाज घेणारा माणूस कानावरचे हेडफोन काढत म्हणाला, "तो निघताना पाठमोराच आहे ना? मग न बोलता जाऊ दे. वाक्य मी बाहेर वेगळं घेतो, नंतर चिकटवू." बाकी त्याला या भानगडीत काही रस नव्हता. त्याला जेवायची घाई होती.

तसंच केलं. मी बसलो, बोललो, उठलो, आणि माझ्या पायांना आणि जिभेला जे करायचं होतं ते सुखानं करू दिलं. बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. पायरी उतरताना मी मान थोडी त्यांच्या बाजूला वळवली, माझं तोंड बंद आहे हे त्यांना दिसावं म्हणून. दिग्दर्शक म्हणाला, मान वळवलीत ते फार छान दिसलं.

मग आवाजवाल्यानं मला गावाबाहेर, बाभळीखाली उभ्या असलेल्या गाडीत बसवलं. काचा वर केल्या, माइक तोंडापुढं धरला. समोर आरशाला लिंबू-मिरची लोंबत होती. मी त्या लिंबू-मिरचीला म्हटलं, "येतो, वहिनी. काही लागलं तर सांगा." त्यानं ते तीन-चार वेळा म्हणून घेतलं. दरवेळी मला वाटत होतं की काच नीट वर गेलेली नाही.

परत आलो तर बाई घरी नव्हत्या. चौकात किराणा दुकानापुढं उभ्या होत्या, फोनकडं बघत. आमची गाडी तिथूनच गेली. मी हात वर केला, त्यांचं लक्ष नव्हतं. दर्यापूरच्या स्टँडवर उतरलो तरी फोन आला का नाही हे मला कळलेलं नव्हतं. घरी बायकोनं विचारलं, कसं झालं? मी सगळं सांगितलं. ती रात्रीचं जेवण वाढताना म्हणाली, "कामाचं राहू द्या. तो मानूस वाचला का नाही हे पाहून या."

योग असा की पुढच्याच आठवड्यात अकोल्याला पथनाट्य होतं. ते संपवून, डफ घेऊनच, मी दवाखान्यात गेलो. वॉर्डात विचारत विचारत पोचलो तर खाटेवर एक वाळलेला माणूस पडला होता, नाकात नळी, डोळे मात्र लख्ख उघडे. बाई शेजारी स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी माझी ओळख सांगितली. तो नळीसकट हसला.

"मी इकडं असताना माह्या घरात कोनाले मारलं जी तुमी?"

"म्हाताऱ्याले," मी म्हटलं.

"माह्या बापाले? तो तं कवाचाच गेला." एवढं बोलून त्याला धाप लागली. तरी त्याला सगळं ऐकायचं होतं. कॅमेरा कुठं होता, दिवे किती होते, मुंबईची पोरगी खरं रडली का औषध घालून. मी सगळं रंगवून सांगितलं. बाई माझ्याकडं एकटक बघत होत्या, म्हणून खिळ्याचं आणि वाक्याचं काही काढलं नाही.

बाहेर व्हरांड्यात त्यांनी मला खरं काय ते सांगितलं. ऑपरेशन झालं, पण जखमेत पू झाला होता. पुन्हा उघडावं लागेल असं डॉक्टर म्हणत होते, आणि त्यापुढं काही म्हणत नव्हते.

"ते वाक्य?" त्यांनी विचारलं.

"ओसरीवर नाही म्हनलं. गावाबाहेर गाडीत म्हनलं."

"गाडी कोनाची?"

"मुंबईची."

त्यांनी जरा विचार केला. "मंग ठीक हाय." आणि मग एकदम त्यांच्या लक्षात आलं. "पन टीव्हीत तं येईनच ना भाऊ?"

येणारच होतं. ती ओसरी, तो हार, ते वाक्य, सगळं एकत्र येणार होतं, आणि त्यांच्याच घरातल्या टीव्हीतून बाहेर पडणार होतं. मी मान हलवली. कधी लागेल, त्यांनी विचारलं. दिवाळीनंतर, मी म्हटलं.

"तवापर्यंत त्याइले घरी आनलं पाह्यजे," त्या म्हणाल्या. म्हणजे वाक्याच्या आधी माणूस घरात पोचायला हवा होता.

दवाखान्यातूनही कोणी 'येतो' म्हणून निघत नाही. मी माझा फोन नंबर चिठ्ठीवर लिहून दिला, हात जोडले आणि जिना उतरलो.

दिवाळी झाली. मधल्या काळात मालिकेचा फोन आला, की गोष्ट आता पुण्याला गेली आहे, पोरगी माहेरी राहणार आहे, त्यामुळे शेजाऱ्याचं पुढं काही नाही. शेजारी 'येतो' म्हणून गेला तो गेलाच. मला वाईट वाटलं. बायकोनं गल्लीला काय सांगितलं ते मी विचारलं नाही. पण सगळ्यांत जास्त मला त्या घराची काळजी लागून राहिली होती आणि फोन करायला नंबर नव्हता.

एके दिवशी त्या किराणा दुकानातूनच फोन आला. आवाज बारीक होता, तरी मी ओळखला. "उद्या दुपारी या न भाऊ," यजमान म्हणाले. "रात्री आमच्याकडं लाइन नसते. तेच दुपारी परत दाखवतात. सोबत पाहू." घरी आणून त्यांना आठ-दहा दिवस झाले होते. मला इतका आनंद झाला की फोन ठेवल्यावरच गाडीतली ती लिंबू-मिरची आणि ते वाक्य आठवलं.

गेलो तेव्हा ओसरी माणसांनी भरली होती. यजमान बाजेवर, कानाला मफलर, पोटावर उशी दाबून. त्यांची म्हातारी आई टीव्हीच्या अगदी जवळ. मला मानाची जागा दिली. मालिका सुरू झाली आणि पडद्यावर तीच ओसरी आली. आम्ही बसलो होतो तीच. पोरं भिंतीवरचा खिळा शोधायला लागली. मग मी आलो. गावानं माझ्याकडं आणि टीव्हीकडं आळीपाळीनं पाहिलं. मी बसलो, धीराचं बोललो, उठलो, दुपट्टा सारखा केला, आणि माझ्या पाठीतून माझाच आवाज आला. "येतो, वहिनी. काही लागलं तर सांगा."

म्हातारी टीव्हीकडं बघत म्हणाली, "हे काहून म्हनलं यानं?"

"मालिका हाय, माय," यजमान म्हणाले. "घ्या न, शेंगा घ्या. कोनी तरी इकडं सरकवा."

मी बाईंकडं पाहिलं. त्या स्वयंपाकघराच्या दारात, शूटिंगच्या दिवशी उभ्या होत्या तिथंच उभ्या होत्या. टीव्हीकडं त्यांचं लक्षच नव्हतं. बाजेवरचा माणूस शेंगा फोडून खात होता, त्याच्याकडं त्या बघत होत्या. मग चहा करायला आत गेल्या.

चहा झाला, चार गोष्टी झाल्या. माझ्या जीपची वेळ झाली. पण माझ्या मनातून ते वाक्य जाईना. माझ्या आवाजात या घरात नको ते बोललं गेलं, असं वाटत होतं, आणि वर आणखी तोच शब्द काढायची हिंमत होत नव्हती. मी गुडघ्यावर हात टेकून उठलो, खांद्यावरचा दुपट्टा सारखा केला आणि पायरी उतरून चालू लागलो.

"भाऊ."

मी वळलो. बाई ओसरीच्या कडेला आल्या होत्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज मोठा झाला होता.

"न बोलता काहून चालले? हे काय मयतीचं घर हाय?"

मी परत फिरलो. चपला काढल्या, पायरी चढलो, बाजेच्या कडेला टेकलो. त्यांनी पाण्याचा गडू दिला, पाणी प्यायलो. सगळा गाव बघत होता. एवढे प्रेक्षक मला स्पर्धेतही कधी मिळाले नव्हते. उठलो, त्यांच्याकडं तोंड केलं.

"येतो, वहिनी," मी म्हटलं.

"आता तोंड दिसलं," बाजेवरून यजमान म्हणाले.

त्या हसल्या नाहीत. डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि म्हणाल्या, "या."